ॲलर्जी आम्ही घरून आणली नव्हती : ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखानदारांना आणि कंपनी-डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील कारखान्यांचे मालक, व्यवस्थापक, कामगार-ठेकेदार आणि कंपन्यांचे डॉक्टर यांस,

विषय : ‘मला कोणतीही ॲलर्जी नाही’ हे घोषणापत्र मागे घेण्याबाबत.

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आमच्या आळीतला एक मुलगा संध्याकाळी माझ्याकडे कागद घेऊन आला. वय २२. रबाळ्याच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे हेल्पर आहे. ठेकेदार बदलला आणि नव्या ठेकेदाराने जुन्या पोरांना परत घेण्याआधी प्रत्येकाकडून सही मागितली. मजकूर दोनच ओळींचा : ‘मला कोणत्याही रसायनाची ॲलर्जी नाही. पुढे तशी आढळल्यास कंपनी किंवा ठेकेदार जबाबदार राहणार नाही व माझे काम थांबवण्यात येईल.’

“काका, सही करू ना?” त्याने विचारलं.

मी कागद वाचायच्या आधी त्याची बोटं पाहिली. बेचक्यांतली कातडी सोलवटलेली. मनगटापाशी हातमोजा जिथे संपतो तिथे लाल कडं उठलेलं, आणि त्या कड्यावर मोहरीएवढे पाण्याचे फोड. त्या हाताने तो ‘मला ॲलर्जी नाही’ असं लिहून देणार होता.

नंतर ओळखीच्या लोकांकडे चौकशी केली, तर असेच कागद महाप्याला आणि तुर्भ्यालाही फिरत असल्याचं कळलं. भाषा थोडी इकडची तिकडे, अर्थ तोच. म्हणून हे पत्र एकाच कंपनीला न लिहिता तुम्हा सर्वांना लिहितो आहे. आणि चारचौघांसमोर लिहितो आहे, कारण बंद पाकिटातलं पत्र मी यापूर्वी दोनदा देऊन पाहिलं आहे.

मी कोण ते आधी सांगतो. आमच्या आजोबांची भातखाचरं एमआयडीसीत गेली. वडील त्याच भागात उभ्या राहिलेल्या एका कारखान्यात वॉचमन होते. मी रंगाच्या कारखान्यात अकरा वर्षं हार्डनर भरला. टू-पॅक पॉलियुरेथेन रंगाबरोबर रंग कडक करण्यासाठी जो दुसरा डबा येतो, तो. मोठ्या ड्रममधून लहान डब्यांत. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. हे नाव मला कामाला लागल्यावर नवव्या वर्षी कळलं आणि तेही कंपनीत नाही, ठाण्यातल्या एका छातीच्या डॉक्टरकडे. आज ज्या खोलीत हार्डनरचं झाकण उघडं आहे, त्या खोलीत मला पाच मिनिटंही थांबता येत नाही. खिशात दम्याचा पंप असल्याशिवाय मी नाक्यावर दूध आणायलाही जात नाही. म्हणून त्या दोन ओळी वाचून मला राहवेना.

तुमच्या कागदावर ॲलर्जी हा शब्द असा लिहिला आहे, जणू ती रक्तगटासारखी जन्माबरोबर येते. ज्याच्या अंगात ती आहे त्याने आधीच सांगावं, आम्ही त्याला घेणार नाही, असा त्याचा अर्थ. अहो, आपल्या गावात बिब्बा कुणाला माहीत नाही? एकाच्या अंगावर उततो, दुसऱ्याला काही होत नाही. पण ज्याला एकदा उतला, त्याला पुढे नुसतं बोट लागलं तरी पुरतं. धोबी पूर्वी कपड्यांवर बिब्ब्याने खूण करायचे, तेव्हा त्या एवढ्याशा खुणेखाली काही जणांची मान सुजायची. पण आईच्या पोटातून कुणी बिब्बा उतलेला येत नाही. आधी अंगाची आणि त्याची गाठ पडावी लागते.

कारखान्यातल्या रसायनांचं तसंच आहे. इपॉक्सी रेझिन, त्याचे अमाइन हार्डनर, क्रोमेट, निकेल, कोबाल्ट, फॉर्मल्डिहाइड. यांतले काही रेणू आणि क्षार इतके बारीक की कातडीतून आत शिरतात आणि आपल्याच प्रथिनांना चिकटतात. अंगाची राखण करणाऱ्या पेशी त्या जोडीला परकं समजतात आणि तिची ओळख लक्षात ठेवतात. त्याला निदान दहा-पंधरा दिवस लागतात, कधी महिने, कधी वर्षं. या काळात वरून काहीच दिसत नाही, खाजही नसते. मग एक दिवस तोच माल, तोच हात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोड. डॉक्टर याला सेन्सिटायझेशन म्हणतात. आम्ही आमच्या भाषेत म्हणतो, त्याला माल बाधला. एकदा बाधला की ती ओळख सहसा जन्मभर पुसत नाही. आयसोसायनेट, रंगातले रिॲक्टिव्ह डाय, थॅलिक ॲनहायड्राइड, सोल्डरिंगच्या राळेचा धूर, पेनिसिलिनसारख्या औषधांची भुकटी, ही मंडळी श्वासातून आत जातात आणि तिथे दमा उभा करतात.

म्हणजे कामाला लागताना त्या पोराने ‘मला ॲलर्जी नाही’ असं लिहून दिलं असतं तर ते खरंच होतं. ते खोटं झालं ते तुमच्या छपराखाली, तुमचा माल हाताळताना, तुमच्या शिफ्टमध्ये. आणि आता ती जबाबदारी तुम्ही त्याच्या सहीने त्याच्याच डोक्यावर ठेवता आहात.

माझं कसं झालं ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्यातल्या डॉक्टरांनी ते शांतपणे वाचावं अशी माझी इच्छा आहे. सुरुवात नाकापासून झाली. शिंका, डोळ्यांना पाणी. मग रात्रीची ढास. सेकंड शिफ्ट करून अकराला सुटायचो तेव्हा ठणठणीत असायचो. पहाटे दोनला उठून बसायचो. बायको म्हणायची, छातीत शिट्टी वाजतेय. कंपनीत काही होत नव्हतं आणि घरी व्हायचं, म्हणून आम्ही कारण घरातच शोधलं. गादीतला कापूस बदलला. उदबत्ती बंद केली. घरात एक मांजर होतं, मुलीने लहानपणापासून सांभाळलेलं. ते बहिणीकडे दिवाळ्याला पाठवलं. मुलगी आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. ढास होती तशीच राहिली. आयसोसायनेटचा त्रास पुष्कळदा तासांनी उशिरा उठतो, रात्री झोपेत गाठतो, हे मला कुणी सांगितलं असतं तर ते मांजर आज घरात असतं.

दरवर्षी मेडिकल व्हायचं. गाडी यायची. वजन, रक्तदाब, रक्त, एक्स-रे, डोळे, कान. शेवटी डॉक्टरांसमोर दीड मिनिट. एक्स-रे स्वच्छ, शिक्का ‘फिट’. डॉक्टरसाहेब, दमा एक्स-रेमध्ये दिसत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. सुट्टीनंतर सकाळी फुंकून घेतलं तर स्पायरोमेट्रीही चांगली येऊ शकते. मी एकदा म्हणालो, रात्री दम लागतो. फाईलवर लिहिलं गेलं : ब्राँकायटिस, हवामान. दुसऱ्या वर्षी : धूम्रपान टाळावे. मी आयुष्यात विडी ओढलेली नाही.

ठाण्यातल्या त्या छातीच्या डॉक्टरने मला पहिला प्रश्न विचारला, “काम काय करता?” दुसरा विचारला, “सुट्टीत बरं वाटतं का?” या दोन प्रश्नांनी माझं निदान अर्धं झालं. १७०० साली इटलीतल्या बर्नार्डिनो रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने आपल्या व्यवसायबंधूंना बजावलं होतं की रोग्याला एक प्रश्न जास्तीचा विचारा, तुझा धंदा काय. सव्वातीनशे वर्षं झाली त्याला.

त्या डॉक्टरने एक प्लॅस्टिकची नळी दिली, पीक फ्लो मीटर. त्यात जोराने फुंकायचं, काटा सरकतो तो आकडा लिहायचा. दिवसातून चार वेळा, दर वेळी तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा. वही हरवेल म्हणून मी स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनांत लिहायला लागलो. दुधाचा हिशेब आणि त्याच्याखाली माझा श्वास. कामाच्या आठवड्यात ३२०, ३००, २८०. एका दिवसाच्या सुट्टीत जेमतेम ३१०. मग गणपती आले, नऊ दिवसांची रजा टाकली. पाचव्या दिवशी ३८०. नवव्या दिवशी दारात बेंजो वाजत होता आणि मी मखराशेजारी उभा राहून नळीत फुंकत होतो. काटा ४३० वर गेला. बायकोने तीनदा फुंकायला लावलं. तिला खरं वाटेना. कामावर परत गेलो, तिसऱ्या दिवशी २९०.

मुंबईतल्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली. ती मिळवली नारायण मेघाजी लोखंडे यांनी, १८८४ पासून अर्ज-विनंत्या आणि सभा करून. लोखंडे आपल्या ठाण्यात जन्मले. विश्रांतीसाठी म्हणून त्यांनी मिळवलेली सुट्टी आज आमच्या हातात पुरावा म्हणून आली आहे. कामावर आकडा पडतो, सुट्टीत चढतो. हे तपासायला मोठं यंत्र लागत नाही. नळी काहीशे रुपयांत मिळते.

आता तक्रारी सांगतो.

सर्वांत मोठी तक्रार डॉक्टरांविषयी आहे, आणि ती मी आदर ठेवून करतो. कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत, सरकारला कळवलेच पाहिजेत अशा रोगांची यादी होती, २९ रोगांची. २१ व्या क्रमांकावर रसायनं आणि रंग यांच्या संपर्काने होणारा त्वचारोग होता, आणि तिथे त्याचे दोन प्रकारही दिले होते : त्वचा जाळणारे पदार्थ आणि ॲलर्जी निर्माण करणारे पदार्थ. २८ व्या क्रमांकावर आयसोसायनेटची बाधा होती. कलम ८९ म्हणत असे की कामगाराला यातला रोग झाला आहे असं ज्या डॉक्टरला वाटेल, त्याने विनाविलंब मुख्य कारखाने निरीक्षकांच्या कार्यालयाला लेखी कळवायचं. वाटेल, एवढंच पुरे आहे. सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही. न कळवल्यास हजार रुपयांपर्यंत दंड होता. २०२५ साली त्या अधिनियमाच्या जागी लागू झालेल्या २०२० च्या कामगार सुरक्षा-आरोग्य संहितेतही ही अनुसूची आणि डॉक्टरवरचं हे कर्तव्य आहेच. माझ्या फाईलमध्ये अकरा वर्षांत असा एकही कागद नाही. ज्यांच्यासोबत मी काम केलं त्यांच्यापैकी कुणाच्या फाईलमध्ये असल्याचं मी ऐकलं नाही.

त्या न लिहिलेल्या एका ओळीची किंमत सांगतो. ठेक्यावरच्या पोरांचा पगार २१,००० च्या आत असतो, म्हणजे ती ईएसआयमध्ये, कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, येतात. पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, ३.२५ टक्के मालक भरतो. आजारपण साधं धरलं तर पगाराच्या ७० टक्के मिळतात आणि तेही वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. तोच रोग कामामुळे झाला असं ठरलं, तर ती कामावरची इजा मानली जाते. मग तात्पुरत्या अपंगत्वासाठी सुमारे ९० टक्के, ते अपंगत्व आहे तोवर. कायमचं नुकसान झालं तर आयुष्यभराचा हप्ता. कामामुळे होणारा दमा ईएसआयच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत स्पष्ट लिहिलेला आहे. तुम्ही ‘ब्राँकायटिस, हवामान’ लिहिता तेव्हा हे सगळं दार बंद होतं. पेन तुमच्या हातात असतं, साहेब.

दुसरी तक्रार व्यवस्थापकांसाठी. त्रास सांगायला गेलं की तुम्ही हवा तपासल्याचा अहवाल काढून दाखवता. प्रमाण मर्यादेत आहे. असेलही. पण ज्याला माल अजून बाधलेला नाही, त्याच्यासाठी ती मर्यादा आहे. एकदा बाधल्यावर त्या मर्यादेच्या कितीतरी खालीही श्वास अडकतो. आणि वासाचं म्हणाल तर “वास येत नाही ना, मग काय” हे वाक्य मी सुपरवायझरच्या तोंडून शंभर वेळा ऐकलं आहे. टोल्युइन डायआयसोसायनेटचा वास नाकाला कळतो तोवर हवेतलं प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या कितीतरी वर गेलेलं असतं. आम्हाला दिलेला कापडी मास्क धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. आणि शिफ्ट संपल्यावर हात कशाने धुवायचे? थिनरने. वर्षानुवर्षं. कॉटन वेस्टचा बोळा थिनरमध्ये बुडवायचा आणि कोपरापर्यंत पुसायचं. थिनरने कातडीवरचं तेल निघून जातं, भेगा पडतात आणि मालाला आत जायला वाट मोकळी होते. हात धुण्याच्या मोरीवर साबण ठेवायला किती पैसे लागतात?

ड्रमवर लिहिलेलं सगळं इंग्रजीत. बाहेरून येणाऱ्या ड्रमवर लाल चौकटीत एक चित्र असतं, माणसाचा काळा अर्धपुतळा आणि त्याच्या छातीवर पांढरी चांदणी फुटलेली. आम्ही त्याला चांदणीवाला ड्रम म्हणायचो. “चांदणीवाला आण रे.” श्वासाची ॲलर्जी, कर्करोग अशा खोलवरच्या धोक्यांसाठी जगभर तेच चित्र वापरतात, हे आम्हाला कुणीच सांगितलं नाही. नऊ वर्षं मी तो ड्रम त्या नावाने हाक मारून ढकलत नेला. त्याचा माहितीचा कागद, सेफ्टी डेटा शीट, ऑफिसात फाईलला लावलेला होता. भोपाळमध्ये २ डिसेंबर १९८४ च्या रात्री गळला तो वायूही आयसोसायनेटच, मिथाइल आयसोसायनेट, आमच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटचा जास्त घातक भाऊबंद. त्या रात्रीनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात नवं प्रकरण घातलं गेलं : धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराला धोक्याची माहिती द्यायची, कामावर घेण्याआधी आणि नंतर निदान वर्षातून एकदा त्याची तपासणी करायची, त्याचे आरोग्याचे कागद त्याला पाहू द्यायचे. हजारो माणसं गेल्यावर मिळालेला हक्क ऑफिसातल्या फाईलमध्ये अडकून राहतो, हे मला फार लागतं.

बायकांचं वेगळं सांगायला हवं. माझी मेहुणी तुर्भ्याला इपॉक्सी ओतण्याच्या कामावर होती. सकाळी उठली की पापण्या सुजलेल्या, इतक्या की डोळे उघडायला ओलं फडकं लावून बसावं लागे. हात मात्र बरे. कंपनीच्या डॉक्टरांनी काजळ बंद करायला सांगितलं. मग टिकली. मग साबण बदलला. मग विचारलं, घरात काही ताण आहे का? पापणीची कातडी अंगावरची सगळ्यात पातळ, हवेतून उडणारं रेझिन तिथे आधी बसतं, हे त्यांना सुचलं नाही. शेवटी तिने बाहेर पॅच टेस्ट करून घेतली. पाठीवर छोट्या चकत्या चिकटवतात, दोन दिवस पाठ भिजवायची नाही, मग काढून पाहतात आणि चौथ्या दिवशी परत पाहतात. उन्हाळ्याचे दिवस होते, ती दोन दिवस पालथी झोपली. पाठीवर एकच चकती लालभडक उठली, इपॉक्सीची. ती काजळ आता परत लावते. कामाला मात्र कंपनीत जात नाही, घरी डबे करते. दिलेले हातमोजे पातळ रबराचे होते, ज्यातून इपॉक्सी आरपार जातं. महाप्याला सोल्डरिंग करणाऱ्या मुलींना राळेच्या धुराने खोकला लागतो, त्यांनाही ‘पंख्याखाली बसू नकोस’ एवढंच ऐकायला मिळतं.

ठेकेदार बदलला की फाईलही जाते. पाच वर्षांत तीन ठेकेदार झाले, की त्या पोराचे पाच वर्षांचे फोड कुठल्याच कागदावर नसतात. यावर जास्त लिहीत नाही, तुम्हाला ते पक्कं ठाऊक आहे.

डोंबिवलीत २६ मे २०१६ ला स्फोट झाला, २३ मे २०२४ ला परत झाला. काचा फुटल्या, माणसं मेली, मंत्री आले, चौकशा लागल्या. ते व्हायलाच हवं होतं. आमच्या छातीतलं मात्र आवाज न करता होतं. एकेक माणूस गेटमधून बाहेर पडतो, गावी जातो, रिक्षा चालवतो, आणि लोक म्हणतात, त्याला दम्याचा त्रास होता म्हणून काम सोडलं.

आता त्या घोषणापत्राकडे येतो, कारण ते सगळ्यांत जास्त घातक आहे. मालाने बाधलेल्या माणसाला वाचवायचा एकच खात्रीचा उपाय आहे : लक्षणं दिसताच त्याला त्या मालापासून दूर करणं. जितक्या लवकर दूर केला, तितकी त्याची फुप्फुसं सावरण्याची शक्यता जास्त. लक्षणं असताना जो तिथेच राबत राहतो, त्याचा दमा पुढे काम सोडलं तरी पुष्कळदा सुटत नाही. माझं तेच झालं, निदान झाल्यावरही दुसरी जागा मिळेपर्यंत मी दोन वर्षं तिथेच होतो. तुमचा कागद पोरांना काय शिकवतो? खाज सुटली तर बोलू नको. ढास लागली तर बाथरूममध्ये जाऊन खोक. मेडिकलच्या दिवशी सकाळी पंप मारून ये. कारण तोंड उघडलंस तर काम थांबेल. पहिल्या एक-दोन वर्षांत, जेव्हा बाधण्याची भीती जास्त असते आणि वाचवता येणंही शक्य असतं, नेमक्या त्याच काळात तुम्ही पोराचं तोंड बंद करता आहात.

तेव्हा आमच्या मागण्या अशा आहेत.

हे घोषणापत्र मागे घ्या. ज्यांच्या सह्या घेतल्या त्यांचे कागद त्यांना परत करा. आणि ज्याला काम करताना ॲलर्जी झाली आहे त्याला काढून न टाकता त्याच पगारात दुसऱ्या विभागात काम द्या. ठेक्यावरच्या कामगारालाही. हे पहिलं आणि बाकी सगळ्याच्या आधी.

आयसोसायनेट, इपॉक्सी, ॲनहायड्राइड, क्रोमेट, औषधी भुकटी, सोल्डरिंग, अशा कामांवर घेताना प्रत्येकाची त्वचा आणि श्वास तपासून नोंद करा. मग वर्षभर थांबू नका. पहिली दोन वर्षं दर काही आठवड्यांनी निदान चार प्रश्न विचारा : खाज येते का, रात्री ढास लागते का, सुट्टीत बरं वाटतं का, नाक-डोळे वाहतात का? ज्याचं उत्तर हो, त्याला पीक फ्लोची नळी द्या आणि महिनाभर आकडे लिहायला सांगा. त्वचेचा संशय असेल तर पॅच टेस्टला पाठवा, खर्च कंपनीचा. यात शंका वाटली तर शीवला केंद्रीय श्रम संस्थान आहे, तिथे याच विषयातली माणसं बसतात. विचारा त्यांना.

डॉक्टरांनी कळवायचं ते कळवावं. फाईलवर कामाचं आणि रसायनाचं नाव लिहावं. त्या कागदाची प्रत कामगाराच्या हातात द्यावी, म्हणजे ठेकेदार बदलला तरी ती त्याच्या घरात राहील.

ड्रमवर मराठीत आणि हिंदीत लिहा. चांदणीचा अर्थ कामाच्या पहिल्या दिवशी सांगा. युरोपात २४ ऑगस्ट २०२३ पासून, ०.१ टक्का किंवा त्याहून जास्त डायआयसोसायनेट असलेला माल धंद्यात वापरणाऱ्याला आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं. तिथल्या पेंटरला जे शिकवतात ते रबाळ्याच्या हेल्परला शिकवायला कुठल्या कायद्याची वाट पाहायची?

हार्डनर उघड्या ड्रममधून मगने काढणं बंद करा. बंद पंप, भरण्याच्या जागी हवा ओढून घेणारा पंखा, जिथे दुसरा कमी धोक्याचा माल चालतो तिथे तो. मास्क आणि हातमोजे यांचा नंबर त्यानंतर येतो, आणि ते त्या रसायनासाठी योग्य असलेलेच हवेत. मोरीवर साबण. कामाचे कपडे कंपनीने धुवावेत. आमच्या घरी ते मुलांच्या युनिफॉर्मबरोबर एकाच बादलीत भिजतात.

यातली एकही मागणी अशी नाही की जिच्यासाठी कारखाना बंद पडेल. कारखाना बंद पडावा असं आम्हालाही वाटत नाही. आमच्या जमिनीवर तो उभा आहे, आमची पोरं तिथेच कामाला जाणार आहेत.

त्या मुलाने तुमच्या कागदावर सही केली नाही. आम्ही दोघांनी ओट्यावर बसून दुसरा कागद लिहिला. ‘कामाला लागताना मला कोणतीही ॲलर्जी नव्हती. गेल्या आठ महिन्यांपासून मी इपॉक्सी प्रायमर भरण्याच्या कामावर आहे. आता माझ्या दोन्ही हातांवर फोड आहेत. मला तपासावे व तपासणीची प्रत द्यावी.’ खाली त्याची सही आणि तारीख. सोमवारी सकाळी त्याने तो टाइम ऑफिसात दिला. पोच मागितली, ती मिळाली नाही. त्याला गेटवर थांबायला सांगितलं आहे. हे लिहितो आहे तोवर आठ दिवस झाले, तो रोज सकाळी सातला जाऊन गेटवर उभा राहतो.

त्याला आत बोलवा आणि त्याचे हात पाहा.

आपला,
हार्डनर सेक्शनचा एक जुना कामगार
गोठिवली, नवी मुंबई